वाड्याच्या भिंतीतून वाचवलेलं उंबर बोन्सायला चालेल का?

चालेल, पण लगेच नाही. ‘पानं मोठी आहेत, फेकून द्या’ असं तुम्हाला कुणीतरी सांगितलं, हे तुमच्या प्रश्नात वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मलाही हेच ऐकवलं होतं.

पंचवटीत आमच्या नात्यातला वाडा पाडत होते, तेव्हा मागच्या भिंतीत उंबर होतं. मजूर पहारीने चिरे काढत होते. म्हटलं, दादा, दहा मिनिटं थांबा. बुंधा मनगटाएवढा. दोन चिऱ्यांच्या सांध्यात वाढलेलं मूळ पोळीसारखं चपटं, त्यावर चुन्याचा पांढरा थर. नखाने खरवडलं तर खाली हिरवं आणि लगेच चीक. असं मूळ कुंडीत कुणी तयार करून दाखवावं.

ज्यांच्याकडे बोन्साय शिकत होतो, त्या सरांकडे ते घेऊन गेलो. त्यांनी झाड पाहिलंच नाही, पानं पाहिली. ‘उंबराचं पान वीतभर, जपानी मेपलचं बघा केवढं नाजूक!’ ठेवायचंच असेल तर पुस्तकात आहे तसं थंडीत मुळं छाटा आणि बोन्सायच्या उथळ ट्रेमध्ये बसवा, म्हणाले. मी ऐकलं. डिसेंबरात मुळं छाटली. आपल्याकडची डिसेंबर-जानेवारीची थंडी तुम्हाला सांगायला नको. फेब्रुवारीत एका बाजूची साल बोटाने दाबली की आत जायची, खाली काळपट ओलं लाकूड. अर्धा बुंधा गेला.

मेपलचं वेळापत्रक मेपलला बरोबर आहे. जपानात ते झाड हिवाळ्यात पानं गाळून झोपतं, थंडी सरताना फांदीवरचे डोळे, म्हणजे कोंब, फुगायला लागले की कुंडी बदलतात आणि वसंतात ते जोमाने फुटतं. उंबर उष्ण हवेचं. थंडीत कापलेली जखम भरायला त्याच्यात जोरच नसतो. आमची द्राक्षबाग आहे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, म्हणजे वेल ऐन उन्हाळ्यात मागे कापल्यावर, ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या खोडावर) डोळे कसे फुटतात हे लहानपणापासून बघत आलो, तरी पुस्तकाचं ऐकलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

उरलेला अर्धा वडिलांनी वाचवला. सडकं लाकूड चाकूने कोरून काढलं, बागेसाठी कालवलेली बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा बुरशीनाशक लेप) लावली आणि अर्ध्या कापलेल्या पिंपात विटांचा चुरा, मुरूम आणि थोडं शेणखत भरून झाड त्यात लावलं. मे महिन्यात बुंध्याजवळून तीन फुटवे आले. पुढे दर उन्हाळ्यात पानं खुडत गेलो. एरवी 10-15 सेंमीचं येणारं पान आता बोटाएवढं येतं.

तेव्हा पानांचा विचार सोडा. बुंधा तळाशी रुंद होऊन वर निमुळता होतोय का आणि छाटल्यावर खालून फुटतोय का, ते बघा. भिंतीतल्या झाडाची मुळं बहुधा एकाच अंगाला असतात, ती दगडावर बसवली तर शोभतात. यंदाचा उन्हाळा-पावसाळा मोठ्या कुंडीत नुसतं वाढू द्या, ट्रेचं नाव काढू नका. मुळांना हात लावायचा तो मे अखेरीस किंवा जूनमध्ये, आणि त्याआधी झाड जोमात हवं. पाणी भरपूर लागतं, उंबर मुळात ओढ्याकाठचं.

फळं मात्र लहान होत नाहीत, बोन्सायवरही नेहमीएवढीच येतात. मोठा काप सडतो, म्हणून जाड फांदी एकदम उडवू नका. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. आणि बुंधा सरळसोट काठीसारखा असून खालून फुटतच नसेल तर मात्र ते बोन्सायचं झाड नव्हे, ओढ्याकाठी जागा बघून लावा.

माझं अजून पिंपातच आहे. येत्या जूनमध्ये ट्रेमध्ये घेणार आहे, चपटं मूळ वर दिसेल असं. पहिली पानं आली की सरांकडे घेऊन जाणार.