ताणामुळे पोटात ‘ऑक्सिडेटिव्ह डॅमेज’ होतं, हे खरं का?

तुम्ही विचारलंय की स्पर्धा परीक्षेचा अभ्यास सुरू झाल्यापासून पित्त उसळतं, छातीत जळजळतं, आणि मेडिकलवाल्याने ‘ताणाने पोटात ऑक्सिडेटिव्ह डॅमेज होतं’ म्हणत अँटिऑक्सिडंटच्या कॅप्सूल दिल्या, तर त्यात तथ्य किती?

मेडिकलवाल्याचं वाक्य खरं आहे. ऑक्सिडेटिव्ह डॅमेज म्हणजे ऑक्सिजनपासून बनलेल्या अतिक्रियाशील कणांनी (फ्री रॅडिकल वगैरे) पेशींची केलेली हानी, आणि अँटिऑक्सिडंट म्हणजे ती रोखणारे पदार्थ. कॅप्सूलचं नंतर बघू. मी फार्मसी कॉलेजात औषधशास्त्र शिकवतो आणि एम. फार्म.चं माझं काम ताण दिलेल्या उंदरांच्या जठरावरच होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ताण आला की शरीर रक्त स्नायूंकडे वळवतं आणि कपात होते ती पोटाच्या वाट्यात. जठराच्या अस्तराला हे परवडत नाही. आम्लापासून बचाव करणारा चिकट स्राव आणि बायकार्बोनेट ते सतत बनवत असतं आणि त्यासाठी त्याला भरपूर रक्त लागतं. पण रक्त तुटण्यापेक्षा ते परत येणं कधीकधी जास्त महागात पडतं. ऑक्सिजनला मुकलेल्या पेशींमध्ये झँथिन ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम तयारच असतं, ते परतलेल्या ऑक्सिजनचं सुपरऑक्साइड हे फ्री रॅडिकल करतं. एसओडी (सुपरऑक्साइड डिसम्युटेज) हे दुसरं एन्झाइम त्याचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं. ते मोडून काढायचं काम जठरातल्या पेरॉक्सिडेज या तिसऱ्या एन्झाइमचं.

घोटाळा इथे होतो. कोलकात्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल बायोलॉजीतल्या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं, की ताण दिलेल्या उंदरांत एसओडी वाढतं पण पेरॉक्सिडेज मंदावतं. पेरॉक्साइड साचतं, लोहाशी त्याची गाठ पडली की हायड्रॉक्सिल रॅडिकल हा त्याहून जहाल कण तयार होतो, आणि तो समोर येईल ते जाळत सुटतो. लोह बांधून ठेवणारं औषध आधी दिलं तर व्रण कमी होतात, हा त्याचा भक्कम पुरावा.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी दिसतं. उंदराला बांधून काही तास थंडीत ठेवतात (वाचायला बरं वाटत नाही, करायलाही वाटत नसे). नंतर जठर मोठ्या वळणाच्या कडेने उघडायचं, सलाइनने धुवायचं आणि मेणाच्या पाटीवर टाचण्यांनी ताणून लावायचं. ताण न दिलेल्या उंदराचं अस्तर स्वच्छ गुलाबी. ताण दिलेल्याच्या अस्तरावर भिंगाखाली काळपट लाल रेघा आणि ठिपके, तेही ग्रंथी असलेल्या भागातच. त्यांची लांबी मिलिमीटरमध्ये मोजून ‘अल्सर इंडेक्स’ काढतात. मग तेच अस्तर वाटून, थायोबार्बिट्युरिक आम्ल घालून उकळत्या पाण्यात ठेवलं की गुलाबी रंग चढतो. जितका गडद रंग, तितकी पेशींच्या आवरणातली चरबी जास्त ऑक्सिडाइज झालेली. तेल खवट होतं ना, तीच प्रक्रिया.

ताणाने जठराला इजा होते, याचे माणसांतही दाखले आहेत. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा जठराला भोक पडून इस्पितळात येणारे रुग्ण वाढले. १९९५च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्राव होणारे अल्सर वाढले. मोठं भाजणं, मेंदूला मार, व्हेंटिलेटरवर दोन दिवसांहून जास्त काळ, अशा रुग्णांत ताणाचे व्रण आजही आयसीयूतली खरी काळजी आहे.

पण तुमचा पेपर म्हणजे भूकंप नव्हे. रोजच्या ताणाने काहीच होत नाही असं मात्र नाही. बेल्जियममध्ये विद्यार्थ्यांना लोकांसमोर भाषण करायला लावलं, तेव्हा त्यांच्या आतड्याची गाळणी सैल झाली. तीही ज्यांचं कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चांगलंच चढलं त्यांचीच. मास्ट पेशींना (अ‍ॅलर्जीत रसायनं सोडणाऱ्या पेशी) शांत ठेवणारं औषध दिल्यावर हा परिणाम थांबला. म्हणजे तिथला मार्ग वेगळा आहे, सगळं फ्री रॅडिकलच्या माथी मारता येत नाही.

आता कॅप्सूल. उंदरांना अँटिऑक्सिडंट ताणाच्या आधी, मोजून आणि ठरावीक वेळी देतात. ती सोय परीक्षेच्या तीन वर्षांत कोण करणार? पचनमार्गाच्या कर्करोगासाठी या गोळ्यांच्या चाचण्या २००४ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा बचाव तर दिसला नाहीच, उलट बीटा-कॅरोटीन, अ आणि ई जीवनसत्त्व यांच्या काही मिश्रणांत मृत्यू थोडे जास्तच दिसले. माझ्या मते तो पैसा मेसच्या चांगल्या जेवणावर घाला. गंमत म्हणजे पित्तासाठी सर्रास घेतलं जाणारं ओमेप्राझोल स्वतः हायड्रॉक्सिल रॅडिकल टिपतं, हेही कोलकात्याच्याच त्या संस्थेने दाखवलंय. पण तेवढ्यावरून ते स्वतःच्या मनाने महिनोन्महिने घेऊ नका.

त्यापेक्षा दोन गोष्टी आधी तपासा. डोकं दुखतं म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक वगैरे किती घेता? आणि हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी झाली आहे का? अल्सरचं मोठं कारण हा जंतू आहे, त्याच्या शोधाला २००५ चं नोबेल मिळालं. श्वासाची किंवा शौचाची तपासणी करायची असेल तर ओमेप्राझोल दोन आठवडे आधी बंद लागतं, ते डॉक्टरांना विचारूनच करा.

शौचाला डांबरासारखं काळं झालं, उलटीत रक्त दिसलं किंवा वजन उतरत असेल तर मात्र अभ्यासिकेतून उठून सरळ दवाखाना गाठा. जाताना त्या कॅप्सूलची पट्टी सोबत न्या. त्यात लोह असेल तर शौच त्यानेही काळं होतं, आणि डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.