कार्ब्युरेटर ट्यून करून घेतल्यावर पिकअप गेला. ॲव्हरेज आणि पिकअप दोन्ही एकत्र मिळतात का?

तुम्ही लिहिलंय की मेकॅनिकने मोटरसायकलचं ‘ॲव्हरेज सेटिंग’ करून दिल्यापासून इंजिन गरम असतानाही चोक ओढावा लागतो, जागेवरून उचलताना गाडी क्षणभर दबते आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमधून फट्‌फट् आवाज येतो. नुसती फट्‌फट् असती तर मी आधी सायलेन्सरचं गॅस्केट बघायला सांगितलं असतं, कारण ते फुंकत असलं तरी असाच आवाज येतो. पण तिन्ही लक्षणं एकत्र आहेत. म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये तयार होणारं हवा-पेट्रोलचं मिक्श्चर फार लीन झालंय, हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय.

दोन्ही एकत्र मिळतात का? बऱ्यापैकी मिळतात. १ किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. सर्वांत जास्त ताकद १२.५ ते १३ किलो हवेच्या आसपास मिळते, आणि पेट्रोलची बचत हवा १५-१६ किलोपर्यंत वाढवली की होते. एकाच क्षणी दोन्ही जमणार नाही, पण तशी गरजही नसते. सरळ रस्त्यावर एका वेगाने जाताना बचत हवी असते आणि ओव्हरटेक करताना ताकद. कार्ब्युरेटरमध्ये त्यासाठी वेगवेगळ्या वाटा आहेत. ॲक्सिलरेटर बंद असल्यापासून पाव उघडेपर्यंत मुख्यतः पायलट जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) काम करतं, पाव ते पाऊण उघडेपर्यंत स्लाइडला, म्हणजे मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या दट्ट्याला, लटकलेली निडल, आणि त्यापुढे मेन जेट. बाहेरून दिसणारा मिक्श्चर स्क्रू यातल्या फक्त पहिल्या वाटेला लागू होतो. तो पिळून सगळ्या वेगांवरचं ॲव्हरेज वाढेल, हा समज चुकीचा आहे. उलट खालची रेंज उपाशी राहिली की आपण नकळत ॲक्सिलरेटर जास्त पिळतो आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं.

माझं मत स्पष्ट आहे: ट्यूनिंगने ॲव्हरेज ‘वाढत’ नाही, हरवलेलं परत मिळतं. आणि ते बऱ्याचदा कार्ब्युरेटरच्या बाहेरच हरवलेलं असतं. म्हणून स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी गाडी मेन स्टँडला लावून मागचं चाक न्यूट्रलमध्ये हाताने फिरवा. ते लगेच थांबत असेल तर ब्रेक धरतोय किंवा चेन ताठ आहे. टायरमधली हवा, एअर फिल्टर, स्पार्क प्लगचा गॅप बघा. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, इंजिन पूर्ण थंड असतानाच सेट करायचे असतात. चोकची केबल कुठे अडकून चोक अर्धवट ओढलेला राहत नाही ना, तेही तपासा.

आता स्क्रू. आधी तो कुठे आहे ते पाहा, कारण इथेच सर्वांत जास्त गोंधळ होतो. एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. सैल केला की हवा वाढते, मिक्श्चर लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. सैल केला की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं. म्हणजे ‘अर्धा फेरा सैल कर’ हा सल्ला एका गाडीला तारतो आणि दुसरीला मारतो.

गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून इंजिन नीट गरम करा. थंड इंजिनवर केलेलं सेटिंग कुचकामी. मग इंजिन बंद करून स्क्रू घड्याळाच्या काट्याच्या दिशेने हलक्या हाताने टेकेपर्यंत आत न्या. जोर लावून आवळू नका. टोक सुईसारखं असतं, ते वाकतं किंवा बसण्याची जागा खराब करतं. आत नेताना किती फेरे लागले ते लिहून ठेवा, म्हणजे बिघडलं तर मूळ जागी परतता येईल. आता दोन फेरे सैल करून इंजिन चालू करा आणि आयडलिंगच्या स्क्रूने स्लो (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरतं तो) थोडा चढा ठेवा. मिक्श्चर स्क्रू पाव फेरा फिरवा, दहा सेकंद थांबा, कान द्या. इंजिनला बदल पचायला तेवढा वेळ लागतो, आणि घाईत केलेलं सेटिंग बहुतेक वेळा इथेच चुकतं. एका दिशेला आवाज चढत जाईल, मग एका टप्प्यानंतर पडायला किंवा अडखळायला लागेल. दुसऱ्या दिशेलाही तसंच. सर्वांत चढा आणि एकसारखा आवाज जिथे येतो ती जागा धरा आणि मग स्लो कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणा. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो १३०० ते १४०० आरपीएमच्या आसपास असतो. शेवटी ॲक्सिलरेटर झटकन उघडून बघा. इंजिन दबलं तर रिचच्या बाजूला अगदी थोडं, अष्टमांश फेरा, सरका.

चांगली जागा सहसा दीड ते अडीच फेऱ्यांत सापडते. हवेचा स्क्रू जवळजवळ बंद करावा लागतोय, किंवा पेट्रोलचा तीन फेरे उघडूनही काही फरक पडत नाही, तर पायलट जेट चोंदलंय. त्यात तार घालू नका. जेट पितळेचं असतं आणि भोक इतकं बारीक की तारेने ते मोठं होतं, मग पेट्रोल कायमचं जास्त जातं. क्लीनरने आणि हवेच्या प्रेशरने साफ करा, उजेडाकडे धरून आरपार गोल ठिपका दिसतो का ते बघा. आणि स्लो चढून खाली यायला वेळ लावत असेल तर कार्ब्युरेटर व इंजिनमधल्या रबराला भेग गेली आहे का ते तपासा. तिथून हवा शिरत असताना कुठलंही सेटिंग टिकणार नाही.

पुढच्या रेंजसाठी एक सोपी युक्ती: मुठीवर आणि शेजारच्या स्विचच्या डबीवर टेपच्या पट्ट्या लावून पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा करा. गाडी कुठल्या खुणेवर अडखळते ते कळलं की कुठल्या भागाला हात लावायचा ते ठरतं. (डायफ्रॅमवाल्या कार्ब्युरेटरमध्ये स्लाइड मुठीच्या बरोबरीने उचलली जात नाही, तिथे खुणा अंदाजापुरत्याच.) तक्रार मधल्या रेंजमध्ये असेल आणि निडलला खाचा असतील तर क्लिप एक खाच वर घेतली की निडल खाली जाते, मिक्श्चर लीन होतं, खाली घेतली की रिच. एका वेळी एकच खाच. मेन जेटचा नंबर मात्र ॲव्हरेजसाठी कमी करू नका. फुल ॲक्सिलरेटरवर लीन मिक्श्चर म्हणजे तापणारं इंजिन आणि खराब होणारा पिस्टन.

प्लगचा रंग बघायचा असेल तर ज्या वेगाबद्दल शंका आहे त्या वेगाने चालवून, तिथेच क्लच दाबून इंजिन बंद करा आणि प्लग थंड झाल्यावर काढा. घरापर्यंत रखडत येऊन काढलेला प्लग फक्त आयडलिंगची गोष्ट सांगतो. तपकिरी असेल तर ठीक, कोरडी काळी काजळी म्हणजे रिच, पांढरट म्हणजे लीन. ॲव्हरेज टाकी फुल ते टाकी फुल असंच मोजा, गाडी दोन्ही वेळा सारखीच उभी करून. रिझर्व्हला लागल्यावरून काढलेला हिशेब धरू नका.

एवढं करूनही मधल्या वेगात पेट्रोल जास्तच जात असेल आणि गाडी बरीच चाललेली असेल, तर वर्षानुवर्षं घासून निडल झिजलेली असते आणि ती ज्या भोकात हलते ते लांबट झालेलं असतं. तिथून जाणारं जादा पेट्रोल कुठलाच स्क्रू अडवू शकत नाही. निडल आणि तिचं जेट दोन्ही जोडीनेच बदला. एकच नवं घातलं तर काही महिन्यांत पुन्हा तेच.