निवृत्तीवर टाकू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

परवा इथे न्यू जर्सीत, एडिसनला आरतीनंतर तू जे बोललास ते डोक्यातून जात नाही. ग्रीन कार्ड, मग नागरिकत्व, मग बाबांना इकडे आणायचं; नाहीच जमलं तर रिटायर होऊन आपणच सांगलीला जायचं. हिशेब मांडून बघ एकदा. नोकरीच्या ग्रीन कार्डांत एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून आपली भारतीयांची रांग हलत नाही. कार्ड हातात आल्यावर नागरिकत्वाला आणखी ५ वर्षं, आणि आईवडिलांसाठी अर्ज फक्त नागरिकालाच करता येतो. एवढं करून बाबा आलेच, तर मेडिकेअर, म्हणजे इथला म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा, विकत घ्यायलासुद्धा त्यांना इथे सलग ५ वर्षं काढावी लागतील. पंच्याहत्तरीला टेकलेल्या माणसाच्या जिवावर कसले बेत करतोस?

निवृत्तीवर टाकू नकोस.

दुसऱ्या बेताचं मी तुला सांगू शकतो, कारण तो मी जगतोय. हिवाळ्यात वाई, उन्हाळ्यात न्यू जर्सी. सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे इथल्या सरकारी पेन्शनचे पैसे तिकडेही मिळतात, त्याची काळजी नको. मेडिकेअर मात्र भारतात एक पैसा देत नाही, आणि या वयात डॉक्टर सोडून राहता येत नाही. शिवाय नातवंडं इथे. पण खरी गोष्ट वेगळीच आहे. वाईच्या घरात सगळे स्टीलच्या पेल्यातून चहा पितात. मी गेलो की वहिनी फडताळातून फुलांची कपबशी काढतात. पेला द्या म्हटलं तर "असू दे हो, भाऊजी" म्हणतात. प्रेमानेच म्हणतात. पण मी पाहुणा आहे, हे त्या कपात दिसतं.

भाऊ अजून बोलून दाखवतो, तू नुसते पैसे पाठवलेस. पाठवलेच! पुतण्याच्या इंजिनिअरिंगची फी, गळकं छप्पर, विहिरीची मोटर कुणी केली? मी जे केलं ते घरासाठीच केलं, हे कुणाही पुढे सांगेन. माझी मुलं म्हणतात, घराचा आपला वाटा विकून टाका. मी विकणार नाही. पण आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिच्या डोळ्यांत थेंब घालायला शेजारची मुलगी येत होती, आणि आई गेली तेव्हा माझी निवृत्ती बरीच लांब होती.

म्हणून पुन्हा सांगतो, निवृत्तीवर टाकू नकोस. घरच्या कंटाळवाण्या कामांत आत्ताच शिर. उन्हाळ्यात इथले रात्री साडेआठ म्हणजे तिथले सकाळचे सहा. बाबा उठलेले असतात. "कसे आहात" विचारू नकोस, ते "मजेत" म्हणणार. बीपीची गोळी कुठली, कुणी बदलली, लाइट बिल भरलं का, हे विचार. लेकीला आजोबांशी एकटीला बोलू दे, तू शेजारी बसून प्रॉम्प्टिंग करू नकोस. सातबारा आत्ता नीट बघून घे: परदेशात राहणाऱ्याला तिकडे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारसाने तेवढी येते, आणि तेव्हा तलाठ्याकडे कोण जाणार?

आणि दिवाळीला, लग्नाला जाऊ नकोस. तेव्हा घर भरलेलं असतंच. जुलैत जा, धो धो पाऊस असतो आणि कुणी येत नाही तेव्हा. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची भीती, तिकडे अडकून पडलो तर ही, खरी आहे, मला माहीत आहे. पण तिच्याआड किती वर्षं लपणार? माझ्या पिढीनेही कारणं शोधली, आणि सगळी खरीच होती.

रागावलो असं वाटलं तर वाटू दे. पुढच्या रविवारी जेवायला या तिघंही. बाबांच्या सगळ्या गोळ्यांची नावं पाठ करून ये, मी विचारणार आहे.

तुझा,
काका