साडेचार वर्षांच्या मुलीला यूए १६+ चित्रपटाला न्यावं का?

तुम्ही लिहिलंय, शनिवारी घरची सगळी पणजीला चित्रपटाला निघालीत, त्याला यूए १६+ प्रमाणपत्र आहे (म्हणजे सोळाच्या आतल्यांना न्यायचं की नाही ते पालकांनी बघायचं), आणि दीर म्हणतात, "थिएटरवाले सोडतात, ती झोपूनच जाईल."

नेऊ नका.

थिएटरवाले सोडतात हे दिरांचं म्हणणं खरं आहे. १८ वर्षांखालच्यांना दारावर अडवायचं ते 'ए' प्रमाणपत्राच्या चित्रपटाला. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले, पण हा आकडा पालकांनी विचार करावा म्हणून दिलेला आहे. पालकांशिवाय इतर कुणी तो लागू करायचा नाही, असं कायद्यातच म्हटलंय. म्हणजे तिकीट बघणाऱ्याने तुम्हाला आत सोडलं तरी मुलीसाठी हा चित्रपट योग्य की नाही, हे त्याने ठरवलेलंच नसतं. ते तुम्ही आणि तुमच्या नवऱ्यानेच ठरवायचं.

"झोपेल" या शब्दावर मीही एकदा विसंबलो होतो. आम्ही डिचोलीकडचे. मुलगा पाच वर्षांचा होता, चित्रपट मारामारीचा. त्या आवाजात तो झोपणार कुठला! कानांवर हात दाबून, माझ्या दंडात तोंड खुपसून बसला. मध्यंतरात म्हणाला, "बाबा, घरी जाऊया." मी त्याला पॉपकॉर्न घेऊन दिलं आणि परत आत नेलं. पुढे तीन महिने तो रात्री न्हाणीघरात एकटा जाईना. पत्र्यावर पाऊस वाजला की म्हणायचा, तो माणूस वर आलाय. कोण माणूस, हे कळायला मला दोन आठवडे लागले, कारण त्याने चित्रपटाचं नावच काढलं नाही. या वयात पडद्यावरचं पडद्यावरच राहतं, हे मुलांना अजून उमगलेलं नसतं.

मग जत्रेतल्या दशावताराचं काय, असं कुणी म्हणेल. त्यातल्या संकासुर राक्षसाला पोरं भितातच. काळा पायघोळ वेष, तोंडावर काळा बुरखा, लोंबणारी लाल जीभ. माझा मुलगाही आजीच्या मांडीत शिरला होता. पण संध्याकाळी देवळामागे त्याच माणसाला रंग लावताना त्याने पाहिलं होतं. संकासुराच्या बोलण्यावर आजूबाजूची माणसं पोट धरून हसत होती. फारच भीती वाटली तेव्हा आजी त्याला खाज्याच्या दुकानावर घेऊन गेली, आणि थोड्या वेळाने तोच म्हणाला, "चल, परत बघूया." किती भ्यायचं ते त्याचं त्याला ठरवता येत होतं. थिएटरच्या अंधारात, रांगेच्या मधोमध, चहूबाजूंनी आवाज कोसळत असताना त्याला तशी सोयच नव्हती. आणि आजी नाटकापेक्षा नातवाकडे जास्त बघत होती. मी पडद्याकडे बघत होतो.

वेळेचाही विचार करा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २ ते ५ वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त १ तास स्क्रीन सांगितलीय, तीही सोबत मोठं माणूस असताना. अडीच तासांचा चित्रपट 'यू', म्हणजे सगळ्यांनी बघायचा, असला तरी तिला जडच जाईल. घरी ओटीटी असेल तर १३+ आणि त्यावरच्या गोष्टींना पालकांसाठी कुलूप देणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक आहे. त्याचा पिन टाकून ठेवा, पाच मिनिटांचं काम आहे.

शनिवारी तुमच्यापैकी एकाने तिला मिरामारच्या वाळूत खेळायला न्यावं, दुसऱ्याने चित्रपट बघावा. पुढच्या वेळी पाळी बदला. दिरांना आजच सांगा, तिचं तिकीट काढायचं थांबेल. आणि कधी एखाद्या चित्रपटाला नेलंत, नि मध्यंतरात ती "घरी जाऊया" म्हणाली, तर पॉपकॉर्नच्या रांगेत उभे राहू नका. तिला घेऊन सरळ बाहेर पडा.