हॉस्टेलच्या खोलीत दारू सापडली म्हणून मुलाला काढलं. नियम इतका कडक असावा का?

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलगा १९ वर्षांचा, इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष. सबमिशन संपलं त्या रात्री खोलीत चौघं 'बसले', वॉचमनला बाटली सापडली आणि चौघांनाही हॉस्टेल सोडायला सांगितलं. तुमचा मुलगा प्यायला होता, एक जण नुसता बसलेला होता, तरी शिक्षा सारखीच. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही. आणि तुम्ही विचारताय की मुलगा सज्ञान असताना कॉलेज असं करू शकतं का, आणि एवढ्या कडक नियमानं मुलांचं भलं होतं का.

मी एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायचो आणि अकरा वर्षं मुलांच्या हॉस्टेलचा रेक्टर होतो. घर माळकरी. गावात 'आडवी बाटली'साठी बायकांचं मतदान झालं तेव्हा माझी आई सकाळी सातला रांगेत उभी होती. दारूची बाजू घ्यायला मी हे लिहीत नाही, एवढं आधी सांगतो.

सज्ञान असण्याचा मुद्दा इथे टिकत नाही. १८ वर्षं मतदानाला पुरतात, महाराष्ट्रात दारूला पुरत नाहीत. आपल्याकडे बिअरसाठी २१ आणि रम-व्हिस्कीसाठी २५ वर्षं पूर्ण असावी लागतात, आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं त्यावर परवानाही लागतो. वर्धा आणि गडचिरोलीत तर पूर्ण बंदी आहे. गोव्यात मर्यादा १८ ची आहे, त्यामुळे ट्रिपला जाऊन आलेल्या पोरांना वाटतं की इथंही चालतं. चालत नाही. हॉस्टेलमध्ये दारू आणायला बंदी घालण्याचा कॉलेजला पूर्ण अधिकार आहे आणि तुमचा मुलगा चुकला आहे. तुमचा अर्ज याच वाक्यानं सुरू झाला पाहिजे.

माझं भांडण बंदीशी नाही. बहुतेक हॉस्टेलच्या नियमावलीत बंदीच्या खाली एक ओळ असते: 'खोलीत मद्य आढळल्यास उपस्थित सर्व विद्यार्थ्यांवर कारवाई करण्यात येईल.' या 'उपस्थित सर्व' मुळे काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यात माझाही हात आहे.

फेब्रुवारीची रात्र होती, गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवसाची. पावणेदोनच्या सुमारास माझ्या क्वार्टरचं दार वाजलं. दारात तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा. शांत, मेसची वही सांभाळणारा, वडील एसटीत कंडक्टर. म्हणाला, "सर, आमच्यात एकाला फूड पॉयझनिंग झालंय, उलट्या थांबत नाहीत." मी कपाटातून इलेक्ट्रालची दोन पाकिटं काढून दिली, पाणी उकळून द्या म्हणालो, आणि सकाळी डॉक्टरकडे नेऊ म्हणून दार लावलं. तो दोन पावलं गेला, थांबला, वळून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं झोप आली असेल. वीस मिनिटांनी तोच मुलगा परत आला. या वेळी अनवाणी, आणि रडत. "सर, तो उठतच नाहीये."

खोलीत गेलो तर खिडक्या बंद, डिओचा वास, कोपऱ्यात बादली. मुलगा पाठीवर उताणा. कपाळावर ओला टॉवेल. कुणीतरी त्याला लिंबूपाणी पाजायचा प्रयत्न केला होता, ते गळ्यावर ओघळून गादी भिजली होती. तो घोरतोय असं पोरांना वाटत होतं. ते घोरणं नव्हतं. घशात उलटी होती आणि तिच्यातून हवा जायची धडपड चालली होती. मी त्याला कुशीवर वळवलं, तोंडात बोट घालून घाण काढली, १०८ ला फोन लावला. हात बर्फासारखे, नखं निळसर.

कॅज्युअल्टीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती प्यायलाय? काय प्यायलाय? सोबत कुठली गोळी घेतलीय का?" तीन मुलं भिंतीला टेकून उभी आणि एकाच्याही तोंडून शब्द फुटेना. बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सर, तुम्ही जरा बाहेर थांबता का?" मी बाहेर गेलो. दार लोटेपर्यंत आतून आवाज आला, "मॅडम, अर्धा खंबा, म्हणजे अर्धी मोठी बाटली, एकट्यानं, पाणी न घालता, पैज लावून." तेवढ्यासाठी मला बाहेर जावं लागलं. रक्तातली साखर ४८ पर्यंत घसरली होती. मुलगा वाचला. आज तो नोकरीत आहे, दिवाळीला मेसेज येतो.

पुढच्या आठवड्यात शिस्तपालन समिती बसली. नियमाप्रमाणे 'उपस्थित सर्व' म्हणजे चौघांनाही हॉस्टेलमधून काढलं. ज्यानं माझं दार दोनदा वाजवलं होतं, ज्याच्या पोटात त्या रात्री एक थेंब नव्हता, तोही त्यात. त्याचे वडील युनिफॉर्मवरच आले होते, ड्यूटी मध्ये सोडून. समितीच्या कागदावर माझी सही आहे.

त्यानंतर चार वर्षं रात्री माझ्या दारावर कुणी आलं नाही. मुलं सुधारली असा अर्थ मीही सुरुवातीला काढला. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीमागं दारूच्या रिकाम्या बाटल्या तशाच सापडायच्या, आणि पोरं खोलीऐवजी हायवेच्या ढाब्यावर बसून रात्री एका बाइकवर ट्रिपल सीट परतायला लागली होती. दारू होती तिथंच होती. मला कळवणारं मात्र कुणी उरलं नव्हतं, कारण न पिणाऱ्या मुलानं त्या प्रकरणातून धडा घेतला होता: कुणी बसलं की खोलीतून निघून जायचं, आणि काही झालं तर आपण तिथं नव्हतोच. अशा रात्री शुद्धीवर असणारा तो एकटाच असतो.

हे एवढ्या पोटतिडकीनं सांगतोय कारण दारूनं शरीरात काय होतं ते पोरांना कुणी शिकवत नाही. 'झोपला की उतरेल' यावर सगळ्यांचा विश्वास. यकृत साधारण तासाला एक लहान पेग निस्तरतं, त्याहून वेगानं नाही. एकदम ओतलेली दारू शेवटच्या घोटानंतरही पोटातून रक्तात चढत राहते. म्हणजे मुलगा झोपला तेव्हा जितका चढलेला असतो त्याहून जास्त अर्ध्या-पाऊण तासानं चढलेला असू शकतो. कॉफी, लिंबू, थंड पाण्याची आंघोळ यानं काहीही उतरत नाही, उलट बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. आणि 'बिअरच तर होती' हे वाक्य. ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर, ६५० मिलीची एक बाटली: त्यात जवळपास ४० ग्रॅम अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये साधारण १०. एक स्ट्राँग म्हणजे चार लहान पेग. मी हे फळ्यावर मांडून दाखवायचो तेव्हा मागच्या बाकावरची मुलं मनातल्या मनात हिशेब करताना दिसायची.

हाक मारून, चिमटा काढून उठत नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडत असेल, अंग गार आणि ओठ निळे असतील, तर कुशीवर वळवायचं, एकटं सोडायचं नाही आणि १०८. तुमच्या मुलाला हे पाठ करायला लावा. तो पुन्हा कधी पिणार नसला तरीही.

अमेरिकेतल्या कॉलेजांनी हाच घोळ आपल्याआधी घातलाय. तिथं १९८४ च्या कायद्यानं देशभर दारूचं वय २१ झालं. ज्या राज्यानं ते केलं नाही त्याच्या रस्त्यांच्या निधीला कात्री. तरुणांचे गाडीवरचे मृत्यू त्यानं कमी झाले, हे मान्य करायला हवं. पण कॅम्पसवर पदवीची निम्मी-अधिक मुलं २१ च्या आतली, त्यामुळे पिणं बंद दाराआड गेलं. २००८ मध्ये शंभरावर कॉलेजांच्या अध्यक्षांनी जाहीर पत्रकावर सह्या करून या वयाचा फेरविचार करा म्हटलं, त्यावर मोठा वाद झाला. मला त्या वादापेक्षा कॉर्नेल विद्यापीठानं २००२ मध्ये केलेली गोष्ट जास्त मोलाची वाटते. त्यांनी बंदी उठवली नाही. एवढंच ठरवलं की दारू चढलेल्या मित्रासाठी जो मदत मागेल त्याच्यावर, आणि ज्याच्यासाठी मागितली त्याच्यावरही, शिस्तभंगाची कारवाई होणार नाही. प्यायलेल्या मुलाला मात्र नंतर समुपदेशनाला बसावं लागेल. पुढं तिथल्या लोकांनी पाहणी केली तेव्हा अँब्युलन्सला येणारे फोन वाढलेले दिसले, पिण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. आता तिथं पुष्कळ विद्यापीठांत आणि राज्यांच्या कायद्यातही ही सवलत आहे.

मदत वेळेवर मागितली नाही की काय होतं त्याचं उदाहरणही तिथलंच. फेब्रुवारी २०१७, पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठ. टिमथी पियाझा नावाच्या १९ वर्षांच्या मुलाला विद्यार्थ्यांच्या एका क्लबात प्रवेशाच्या नावाखाली भराभर दारू पाजली. तो तळघराच्या जिन्यावरून पडला. घर मुलांनी भरलेलं होतं, आणि तरी मदतीचा फोन गेला तो सुमारे १२ तासांनी. तो वाचला नाही. आपल्याकडे मार्च २००९ मध्ये हिमाचलमध्ये अमन कचरू हा मेडिकलचा मुलगा प्यायलेल्या सीनिअरांच्या मारहाणीत गेला, त्यानंतर यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, रॅगिंगविरोधी नियम आले, हेल्पलाइन आली, नाव न सांगता तक्रार करायची सोय झाली. रॅगिंगसाठी आपल्याला हे सुचलं. दारूसाठी अजून 'उपस्थित सर्व'.

शेवटी आम्हीही बदललं, पण सहज नाही. दोन वर्षं मी प्रत्येक बैठकीत तोच विषय काढायचो. विरोध करणारे वाईट नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की आईबाप पोरं आपल्या भरवशावर सोडतात, आपण सैल पडलो असं दिसलं तर उद्या काय सांगणार? मी म्हणायचो, मुलगा गेला तर काय सांगणार? अखेर नियमावलीत एक वाक्य वाढलं: 'स्वतःसाठी किंवा सोबत्यासाठी वैद्यकीय मदत मागणाऱ्या विद्यार्थ्यावर त्या प्रसंगाबद्दल कारवाई होणार नाही.' बाकी बंदी, दंड, पालकांना बोलावणं सगळं तसंच. दुसऱ्यांदा सापडला तर हॉस्टेल बंद, तेही तसंच. पहिल्या वर्षात रात्री तीनदा दार वाजलं. तिन्ही वेळा पहिलंच वाक्य खरं होतं: "सर, एकाला जास्त झालीय."

आता तुमचं. मिस्टरांना आजच सांगा. कॉलेजचं पत्र घरी येईलच, आणि ते त्यांनी आधी वाचलं तर मुलगा आणि तुम्ही दोघंही त्यांच्या लेखी लपवणारे ठराल. मुलाला ओरडा, ओरडायलाच हवं, पण नंतर शांतपणे एवढं विचारा की हे पहिल्यांदा का, की रोजचं होत चाललंय. रोजचं असेल तर हॉस्टेलचा प्रश्न दुय्यम आहे. तेव्हा सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात जा, किंवा पुण्यात मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात. तिथं मुलाला कुणी गुन्हेगार म्हणून वागवत नाही.

अर्जात चूक कबूल करा, मग मागा: पहिली वेळ असल्यानं काढण्याऐवजी ठरावीक काळ निलंबन, दंड आणि समुपदेशन. मुलाचं म्हणणं समितीनं ऐकलं होतं का ते विचारा. न ऐकता काढलं असेल तर तो तुमचा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे. यूजीसीच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे कॉलेजात विद्यार्थी तक्रार निवारण समिती असावी लागते आणि तिच्यावर विद्यापीठाचा लोकपाल. आधी प्राचार्य, मग समिती, मग लोकपाल, हा क्रम मोडू नका. आणि जो मुलगा प्यायला नव्हता त्याच्या आईला फोन करा. त्याचा अर्ज वेगळा द्या, तुमच्या मुलाच्या अर्जात त्याला गुंतवू नका. तुमच्या मुलानं मात्र स्वतःच्या हस्ताक्षरात लिहून द्यावं की तो मित्र प्यायला नव्हता. आमच्या वेळी ते कुणी लिहून दिलं नाही, मीही नाही.

अर्ज दोन प्रतींत न्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिसातून उठू नका.