घरी वाजवण्यापुरता व्हॉल्व्ह गिटार अँप सोलापुरात बनवता येईल का?

तुम्ही विचारलंय की घरात वाजवायला एक-दोन वॅटचा व्हॉल्व्ह (जुन्या रेडिओतली काचेची नळी) वापरलेला अँप सोलापुरात राहून बनवता येईल का, आणि सर्किट कुठलं घ्यावं. बनवता येतो. मी बनवलाय आणि रोज संध्याकाळी त्यावरच वाजवतो. सर्किट हा त्यातला सोपा भाग, सगळा जीव आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह आणि स्पीकरच्या मधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, आहे.

दोनच व्हॉल्व्ह लागतात: पुढे, गिटारच्या बाजूला, एक ईसीसी८३ (यालाच १२एएक्स७ म्हणतात) आणि मागे, स्पीकरच्या बाजूला, एकच ईएल८४ घ्या. १९५० च्या दशकातल्या फेंडर कंपनीच्या चॅम्प या छोट्या अँपची मांडणी अशीच होती, फक्त मागे ६व्ही६ हा व्हॉल्व्ह असायचा. ईएल८४ जुन्या रेडिओंत असायचा, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनंही तो बनवला. त्याच्या प्लेटला २५० व्होल्ट आणि कॅथोडला १३५ ओहम (प्लेट, कॅथोड ही व्हॉल्व्हची टोकं) दिले की ४८ मिलीअँपिअरच्या आसपास करंट वाहतो आणि पाच-साडेपाच वॅट मिळतात.

पाच वॅट म्हणजे कमी, असं समजू नका. दहापट वॅट झाले तर कानाला आवाज जेमतेम दुप्पट वाटतो, म्हणजे ५० वॅटचा अँप याच्या दुप्पटच. भिंतीला भिंत लागून घरं असतील तर पाचही जास्त होतात. त्यासाठी मी एक बटण ठेवलंय. त्यानं ईएल८४ चा स्क्रीन (आतली एक जाळी) १०० ओहममधून प्लेटला जोडला जातो, व्हॉल्व्ह ट्रायोडसारखा, म्हणजे स्क्रीन नसलेल्या साध्या व्हॉल्व्हसारखा, चालतो आणि दोन वॅटांच्या आत येतो. बटण तीनशे व्होल्ट सोसणारं हवं आणि अँप बंद असतानाच फिरवावं.

आता ट्रान्सफॉर्मर. आपल्याकडे यंत्रमागांमुळे मोटार रिवाइंडिंगची दुकानं भरपूर, त्यातले काही जण स्टॅबिलायझरचे ट्रान्सफॉर्मरही गुंडाळतात. मी पूर्व भागातल्या एका काकांकडून करून घेतला. वायंडिंग देखणं होतं, पण अँप चालू केला तर जाड तारांचा आवाज पोकळ, चिरका. दोन आठवडे मी कपॅसिटर बदलत बसलो. चूक माझी होती, काकांना मी पुरतं सांगितलंच नव्हतं. त्यांनी नेहमीसारखी स्टॅम्पिंग (गाभ्याच्या लोखंडी पट्ट्या, ई आणि आय अक्षरांच्या आकाराच्या) आलटून-पालटून भरली होती, एक ई इकडून, एक तिकडून. मेनच्या ट्रान्सफॉर्मरला तेच बरोबर. पण इथं मागे व्हॉल्व्ह एकच असल्यानं प्रायमरीतून (व्हॉल्व्हकडच्या वेढ्यांतून) सतत डीसी वाहतो, त्यानं लोखंड आधीच चुंबकानं भरून जातं आणि खालच्या सुरांना जागाच उरत नाही. मग सगळ्या ई एका बाजूनं, सगळ्या आय दुसऱ्या बाजूनं आणि मध्ये पातळ कागद, असं पुन्हा भरून घेतलं. तार तीच, वेढे तेच. घरी येऊन सहावी तार मोकळी छेडली तेव्हा मांडीला लावलेली गिटार थरथरली.

एक गोष्ट मात्र हात जोडून सांगतो. स्विच बंद केल्यावरही फिल्टर कपॅसिटरमध्ये (डीसी सपाट करणाऱ्या मोठ्या कपॅसिटरमध्ये) तीनशे व्होल्ट साठून राहतात, त्यानं जीव जाऊ शकतो. कपॅसिटरवर २२० किलोओहमचा २ वॅटचा रेझिस्टर कायमचा जोडा, तरीही मिनिटभर थांबा, मल्टीमीटर लावून बघा, मगच हात घाला. चॅसीला (अँपच्या धातूच्या सांगाड्याला) तीन पिनांच्या प्लगचं अर्थिंग हवंच. पहिल्यांदा चालू करताना इलेक्ट्रिशियनचा सिरीज बोर्ड (वीज बल्बमधून पुढे देणारा) वापरा, ६० वॅटचा जुना तारेचा पिवळा बल्ब लावून, एलईडी नको. बल्ब भक्क पेटून तसाच राहिला तर कुठंतरी शॉर्ट आहे. आणि स्पीकर जोडल्याशिवाय अँप वाजवू नका, प्रायमरीत व्होल्टेज उसळून वायंडिंग जळतं.

वायंडिंगवाल्याकडे जाताना चिठ्ठीवर एवढं लिहून न्या: प्रायमरी ५ किलोओहम, सेकंडरी (स्पीकरकडचे वेढे) ८ ओहम, वेढ्यांचं प्रमाण २५ ला १, प्रायमरीत ५० मिलीअँपिअर डीसी. आणि तोंडानं सांगा, "काका, स्टॅम्पिंग आलटून-पालटून नको, एका बाजूनं भरा, मध्ये कागद ठेवा."