‘पोरगं बदनाम झालं, आता त्याले कोन कामाले ठेवीन?’

कापूसपट्ट्यातल्या एका आईचा हा प्रश्न. मुलगा सोळा वर्षांचा. आठवी पास झाला, नववीत नापास झाला आणि शाळा सुटली. शेतपंपाची केबल कापायची, जाळून तांबं काढायचं आणि भंगारात विकायचं, असं करणाऱ्या पोरांसोबत तो पोलिसांना सापडला. प्रकरण बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे अठराखालच्या मुलांवरच्या गुन्ह्याची प्रकरणं पाहणाऱ्या मंडळापुढे आहे. मामा म्हणतो, पुण्याला धाडून द्या. बाप म्हणतो, भेटेल त्या कोर्सला टाका. (बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख उघड करता येत नाही, म्हणून इथे नाव-गाव दिलेलं नाही.)

आधी बदनामीची भीती. २०१५ च्या या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, २४ तासांच्या आत मंडळासमोर न्यावं लागतं. कलम २४ नुसार अशा प्रकरणामुळे पुढच्या शिक्षणाला किंवा नोकरीला अपात्रता लागत नाही. वेगळा नियम आहे तो सोळा पूर्ण झालेल्या आणि अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चाललेल्या मुलांसाठी. केबलचोरीचं हे प्रकरण त्यात बसत नाही. आईला हे दोनदा सांगावं लागलं, कारण गावात कुणीतरी तिला ‘सरकारी नोकरी गेली’ असं सांगून ठेवलं होतं.

पोरांना मात्र दुसरीच गोष्ट शिकवलेली असते: ‘तू अठराच्या आतला, तुले काही होत नाही.’ हे शिकवणारा माणूस मोठा असतो आणि माल त्याच्याकडेच जातो. मुलांना वापरून गुन्हा करवणाऱ्या प्रौढाला कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड आहे. माल कोण घेत होतं, हे मुलानं परिविक्षा (प्रोबेशन) अधिकाऱ्यासमोर बोलणं महत्त्वाचं. आईनं त्या वेळी सोबत बसावं, पण त्याच्या वतीनं उत्तरं देऊ नयेत.

परिविक्षा अधिकारी घरची चौकशी करून सामाजिक तपास अहवाल मंडळाला देतो. तेव्हा ‘सुधरीन तो’ एवढं सांगून भागत नाही. मुलगा सकाळी कुठे जाईल, कुणाच्या हाताखाली असेल, घरी किती वाजता येईल, हे ठरलेलं दाखवता आलं तर त्याला पालकांच्या ताब्यात, देखरेखीखाली ठेवायला मंडळाला आधार मिळतो. पुण्याला धाडलं की तारखा चुकतात. शिवाय तिथे त्याला ओळखणारं, हटकणारं कुणी नसतं.

कोर्सचं काय? पंचवीस किलोमीटरवरचा कोर्स बहुतेक वेळा एसटीपायीच सुटतो. एक गाडी चुकली की पोरगा स्टँडवर, तिथून पानठेल्यावर, आणि तिथे तीच टोळी. दुसरं कारण पैसा. कापूस वेचला की हातात पैसा पडतो, कोर्सला मात्र घरूनच भाडं द्यावं लागतं. घरात चणचण आली की आईबापच त्याला रोजीला पाठवतात.

म्हणून मार्च ते जुलैसाठी गावाजवळच्या मोटार रिवाइंडिंगच्या (जळालेल्या मोटारीत नवी तार भरण्याच्या) मिस्त्रीकडे त्याला लावलं. चोरी तांब्याची आणि काम तांब्याचंच, यावर बाप अडून बसला होता. अटी लिहून घेतल्या. चालू करंटला हात लावायचा नाही, काम सकाळी नऊ ते दुपारी दोन. जळालेल्या मोटारीतून निघालेली जुनी तार रोज दोघांसमोर वजन करून वहीत लिहायची. हा मुलावरचा संशय नाही, उलट मुलाचीच राखण आहे. कारण दुकानातून काही गेलं की पहिलं नाव त्याचंच येणार. आठवड्याचे थोडे पैसे मिस्त्रीनं मुलाच्याच हातात द्यायचे, वडिलांच्या नाही.

शिकवण्याची सुरुवात मोटारीच्या प्लेटपासून झाली: एचपी, व्होल्ट, अँपिअर. मग जुन्या कॉइलचे आटे (तारेचे वेढे) मोजणं, मायक्रोमीटरनं तारेची जाडी पाहणं, तिचा गेज म्हणजे जाडीचा नंबर ठरवणं. आटे कमी पडले की मोटार जास्त करंट खेचते, तापते आणि पुन्हा जळते. नववीच्या गणितात जो दशांश त्याला नकोसा होता, तो तारेच्या मापात आला. मोजणं चुकलं की नुकसान समोर दिसतं, आणि अशा मुलांना हेच धरून ठेवतं.

तिसऱ्या आठवड्यात तो आला नाही. शेजारच्या दुकानदारानं गिऱ्हाइकांदेखत ‘चोर’ म्हटलं होतं. पहिल्या गैरहजेरीलाच त्या संध्याकाळी घरी जायचं, असं मिस्त्रीशी आधीच ठरलं होतं, तो गेला. आठवडाभर थांबलं असतं तर पोरगा परतला नसता. गैरहजेरीचं कारण आळस धरून रागावणं ही इथली नेहमीची चूक आहे. बहुतेकदा कारण अपमान असतं, नाहीतर एखादं उसनं.

आईनं आता कागद जमवावेत: शाळा सोडल्याचा दाखला, आठवीची गुणपत्रिका, आधार, जातीचा दाखला. आयटीआयचा ऑनलाइन अर्ज दहावीच्या निकालानंतर सुरू होतो. वायरमन आणि वेल्डर या ट्रेडच्या अभ्यासक्रमाला आठवी पास चालतं, पण प्रवेशाच्या वेळी अट तपासून घ्यावी; इलेक्ट्रिशियनला दहावी लागते. दहावी करायची असेल तर सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. आठवीच्या आत शाळा सुटलेल्यांसाठी राज्य मुक्त विद्यालय मंडळाची आठवीची परीक्षा आहे. वायरमन दोन वर्षांचा आहे, वेल्डर एक वर्षाचा. या मुलानं वायरमन घ्यावा, आणि दुपारनंतर मिस्त्रीकडचं काम सोडू नये.